साडेपाच-सहा मिलिमीटरचा फोन आता घ्यावा की थांबावे?

प्रश्न: हिशेबनीस, मार्केट यार्ड, सांगली

नमस्कार. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात मी हिशेबाचे काम पाहतो. सौद्याच्या दिवशी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत फोन हातातून खाली ठेवता येत नाही. निघालेले दर शेतकऱ्यांना आणि बाहेरगावच्या व्यापाऱ्यांना कळवायचे, पट्ट्यांचे (विक्रीच्या हिशेबाच्या कागदांचे) फोटो पाठवायचे, मध्येच हिशेबाचा तक्ता उघडून पोत्यांची बेरीज ताडून पाहायची, हे सगळे उजव्या हाताच्या एका अंगठ्यावर चालते. गेल्या चार महिन्यांपासून त्या अंगठ्याच्या मुळाशी ठणका लागतो. डॉक्टरांनी मनगटाला पट्टा दिला आणि हलका फोन वापरा असे बजावले. मी घरी न जाता तसाच दुकानात आलो आणि नमुन्याची हळद तोलण्याच्या काट्यावर फोन ठेवला, तर कव्हर आणि काचेसह तो २६२ ग्रॅम भरला. पाव किलोहून जास्त वजन आपण दिवसभर एका हातात धरतो, हे तोवर कधी ध्यानातच आले नव्हते.

म्हणून नव्या पातळ फोनांकडे नजर गेली. मे २०२५ मध्ये आलेला सॅमसंगचा गॅलेक्सी एस २५ एज ५.८ मिलिमीटर जाडीचा आणि १६३ ग्रॅमचा आहे, तर सप्टेंबरात आलेला ॲपलचा आयफोन एअर ५.६ मिलिमीटरचा आणि १६५ ग्रॅमचा. बाजारात येताना दोन्हींची किंमत लाखाच्या वर होती. विश्रामबागेतील एका दुकानात त्यांपैकी एक हातात घेतला, तेव्हा दुकानदाराने चुकून कपाटातला पोकळ नमुनाच दिला की काय, असे क्षणभर वाटले.

तरीही मन धजावत नाही. २०१४ मध्येही अशीच लाट आली होती. ओप्पोचा आर ५ ४.८५ मिलिमीटरचा आणि विवोचा एक्स ५ मॅक्स ४.७५ मिलिमीटरचा होता, म्हणजे आजच्यांपेक्षाही पातळ, आणि काही वर्षांतच ती लाट ओसरली. माझ्या मेहुण्यांनी त्या सुमारास असाच एक पातळ फोन घेतला होता. तो दुपारी तीनच्या पुढे टिकत नसे, आणि लग्नकार्यातही मेहुणे आधी प्लगजवळची खुर्ची धरत. तेव्हा जे साधले नाही ते आता साधले आहे काय, की तेच सोंग नव्या कपड्यांत परत आले आहे? एकदा घेतलेला फोन मी चार-पाच वर्षे बदलत नाही. अशा माणसाला या पातळपणासाठी काय काय सोडावे लागेल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर: निवृत्त प्राध्यापक, यंत्र अभियांत्रिकी, विश्रामबाग

आपल्या प्रश्नात जाडी आणि वजन या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत, त्या आधी वेगळ्या कराव्यात. अंगठा दुखतो तो वजनामुळे आणि पकडीमुळे. मिलिमीटरशी त्याला फारसे सोयरसुतक नसते. आपण लिहिलेल्या एस २५ एजच्याच घरातला साधा एस २५ ७.२ मिलिमीटर जाड आहे, पण त्याचे वजन १६२ ग्रॅम, म्हणजे पातळ भावंडापेक्षा एक ग्रॅम कमीच. शिवाय त्याची बॅटरी ४,००० एमएएचची आहे आणि एजची ३,९०० ची. दूरचे टिपणारी जी वेगळी लेन्स एजमध्ये नाही, तीही साध्या फोनात आहे. खरा फरक पडद्याचा आहे: साध्याचा ६.२ इंच, एजचा ६.७ इंच. मोठा पडदा कमी वजनात हवा असेल तरच पातळपणा कामाला येतो, आणि लहान पडद्यावर आपले भागत असेल तर त्यासाठी लाखभर रुपये घालण्याचे प्रयोजन मला दिसत नाही.

आता पातळपणाचे मोल पाहू. सपाट वस्तूचा वाकण्याला होणारा विरोध तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात असतो. ८ मिलिमीटरचा फोन ५.६ वर आणला, तर जाडी सात दशांश उरते, पण ०.७ चा घन ०.३४ होतो, म्हणजे बाकी सारे तसेच ठेवले तर ताठपणा जेमतेम एक तृतीयांशावर येतो. फोन काही भरीव पट्टी नसल्यामुळे हे गणित त्याला तंतोतंत लागू पडत नाही, तरी कल तोच राहतो. मिरजेत एका तंतुवाद्यांच्या कारखान्यात तंबोऱ्याची तबली, म्हणजे भोपळ्यावरची लाकडी पाटी, तासताना मी पाहिली आहे. तासणारा कारागीर दर चार हातांनी थांबून बोटाने टिचकी मारून ऐकत होता, कारण तबली जाड राहिली तर नाद कोंडतो आणि फार पातळ झाली तर तारांखालच्या घोडीच्या दाबाने ती खाली बसते. फोन बनवणाऱ्यांना अशी टिचकी मारून ठरवता येत नाही, एवढेच.

आयफोन ६ प्लस २०१४ मध्ये ७.१ मिलिमीटरचा होता आणि खिशात वाकल्याच्या तक्रारींमुळे जगभर गाजला; पुढच्या वर्षीच्या ६एसमध्ये कंपनीने ७००० मालिकेतील अधिक बळकट ॲल्युमिनियम घातले. त्याहून दीड मिलिमीटरने पातळ फोन आज तग धरतो, त्याचे मोठे श्रेय टायटॅनियमच्या चौकटीला आहे. टायटॅनियमचा ताठपणा ॲल्युमिनियमच्या साधारण दीडपट असतो, त्यामुळे वर सांगितलेली तूट त्याने भरून निघत नाही. मात्र कायमचा वाक येण्याआधी तो पुष्कळ अधिक ताण सोसतो. फोन दाबल्यावर लवेल, पण सोडल्यावर बहुधा पुन्हा सरळ होईल.

हे एका हाताने घेतले की दुसऱ्या हाताने द्यावे लागते. टायटॅनियमचा जो मिश्रधातू फोनसाठी वापरतात, तो उष्णता वाहून नेण्यात अगदी मठ्ठ आहे. ॲल्युमिनियमचे नेहमीचे मिश्रधातू त्याच्या वीसपट तरी उष्णता पसरवतात. ९ सप्टेंबर २०२५ रोजी ॲपलने आयफोन १७ प्रोमधील टायटॅनियम काढून पुन्हा ॲल्युमिनियम आणले आणि आत वाफेवर चालणारी थंडाव्याची पेटी बसवली, आणि त्याच दिवशी त्याच व्यासपीठावर एअरला टायटॅनियमची चौकट देऊन ती पेटी मात्र दिली नाही. एकाला थंड राहायचे होते, दुसऱ्याला वाकायचे नव्हते. दोन्ही फोनांतील चिपचे नाव एकच, ए १९ प्रो. पण ती पुऱ्या वेगाने किती वेळ धावेल, हे शेवटी अंगातली उष्णता बाहेर पडण्यावर अवलंबून असते.

कॅमेऱ्याच्या फुगवट्याची अनेकजण थट्टा करतात, त्यांच्यासाठी एक हिशेब देतो. १/१.३ इंच म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संवेदकाचा (प्रकाश टिपणाऱ्या चिपचा) कर्ण सुमारे १२ मिलिमीटर असतो. त्यावर जुन्या फिल्म कॅमेऱ्यातील २४ मिलिमीटर लेन्सइतका रुंद देखावा बसवायचा तर लेन्सचे प्रत्यक्ष नाभीय अंतर, म्हणजे ढोबळमानाने लेन्सपासून संवेदकापर्यंतचे अंतर, साडेसहा मिलिमीटरच्या पुढे जाते. फोनच ५.८ मिलिमीटरचा असेल, तर उरलेली लेन्स बाहेर येणार हे उघड आहे. जाहिरातीतील जाडी हा फुगवटा वगळून मोजलेली असते, हे लक्षात ठेवावे.

उत्तर: मोबाइल दुरुस्ती, गणपती पेठ

सरांनी गणित मांडले आहे. माझ्या टेबलावर काय येते ते मी लिहितो. मागच्या पावसाळ्यात मिरजेहून एक मुलगा फोन घेऊन आला. फोन पातळ होता, कंपनीचे नाव लिहीत नाही. पँटच्या मागच्या खिशात ठेवून तो मोटारसायकलवर बसला होता. पडदा चालू होता, बोट लावले की काम करत होता, म्हणून त्याला काहीच बिघडल्यासारखे वाटत नव्हते. तक्रार एवढीच होती की फोन टेबलावर ठेवला की डगमगतो. मी तो काउंटरच्या काचेवर पालथा ठेवला, तर मधल्या भागाखालून व्हिजिटिंग कार्ड आरपार सरकले. वाकण्यापेक्षा मला काळजी होती ती कडेची, कारण कॉम्बो (काच आणि पडदा यांचा जोड) आणि चौकट यांच्यामधला गोंद एका बाजूला केसभर सुटला होता. तेथून पाणी आत जायला पावसाची एक सर पुरते, आणि पाणी गेलेला फोन कोणत्याही वॉरंटीत बसवून घेणे किती कठीण असते, हे सर्वांना ठाऊक आहे.

बॅटरीबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण विचारणाऱ्यांचा खरा प्रश्न तेथेच आहे. फोनची बॅटरी म्हणजे पातळ थरांची गुंडाळी किंवा चवड असते आणि तिच्याभोवती पाकीट असते. ते पाकीट, कडेची शिवण आणि संरक्षक सर्किट यांची जागा बॅटरी लहान केली म्हणून त्या प्रमाणात घटत नाही. त्यामुळे सेल जितका पातळ, तितका त्यातील कामाचा माल कमी. शिवाय वापरात सेल थोडा फुगतोच, आणि त्यासाठी आत मोकळी जागा राखावी लागते. ती जागा चोरली की काय होते, हे २०१६ मध्ये गॅलेक्सी नोट ७ ने दाखवले. सॅमसंगने जानेवारी २०१७ मध्ये स्वतःच सांगितले की पहिल्या पुरवठादाराच्या सेलमध्ये वरच्या कोपऱ्याला पुरेशी जागा नसल्याने आतील थर वाकले होते.

२०१४ च्या ओप्पो आर ५ मध्ये २,००० एमएएचची बॅटरी होती. आज टेक्नोचा पोवा स्लिम ५.९५ मिलिमीटर जाडीत ५,१६० एमएएच देतो, आणि तो १९,९९९ रुपयांना बाजारात आला. नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या मोटोरोला एज ७० मध्ये ५.९९ मिलिमीटरमध्ये ४,८०० एमएएचची सिलिकॉन-कार्बन बॅटरी आहे. हा सिलिकॉनचा मुद्दा समजून घेण्यासारखा आहे. नेहमीच्या बॅटरीत ऋण बाजूला ग्रॅफाइट असते आणि ते एका ग्रॅममध्ये जास्तीत जास्त ३७२ एमएएच साठवू शकते. सिलिकॉनची क्षमता त्याच्या जवळपास दहापट आहे. अडचण अशी की चार्ज होताना सिलिकॉनचा कण तिपटीहून अधिक फुगतो, आणि रोज फुगून आटून त्याचा भुगा होतो. म्हणून त्याचे अतिशय बारीक कण सच्छिद्र कार्बनमध्ये बसवतात आणि प्रमाणही बेतानेच ठेवतात. २०२३ मध्ये ऑनरने अशी बॅटरी प्रथम फोनमध्ये आणली. सॅमसंग आणि ॲपल यांनी आपल्या या दोन पातळ फोनांत मात्र जुन्याच वाटेने जाणे पसंत केले, म्हणून त्यांचे आकडे लहान दिसतात. आयफोन एअरमध्ये तर ३,१४९ एमएएचच आहेत. ॲपलने फक्त एअरसाठी पाठीला चुंबकाने चिकटणारी वेगळी बॅटरी काढली आहे. पातळ फोन घ्यायचा आणि त्याच्या पाठीवर जाड बॅटरीचे बोचके बांधायचे, यावर ग्राहकांना मी काय सांगावे?

आता आपल्या चार वर्षांचा हिशेब. समजा आपल्या कामाला दिवसाला ४,००० एमएएच लागतात. ३,१४९ च्या बॅटरीला त्यासाठी रोज चार्जिंगच्या सव्वा फेऱ्या पडतील आणि ५,१६० च्या बॅटरीला पाऊण फेरी. जून २०२५ पासून युरोपात असा नियम आहे की ८०० फेऱ्यांनंतरही बॅटरीत किमान ८० टक्के क्षमता उरली पाहिजे. तीच मोजपट्टी लावली तर लहान बॅटरी पावणेदोन वर्षांत त्या टप्प्याला पोहोचते, आणि मोठी पावणेतीन वर्षांच्या पुढे जाते. कंपन्या यापेक्षा चांगले सेल देऊ शकतात, आणि प्रत्येक फोनची भूकही वेगळी असते. तरीही बॅटरी लहान म्हणजे ती रोज कमी पुरते, आणि म्हातारीही लवकर होते, हे दुसरे कलम जाहिरातीत कोणी लिहीत नाही.

एक गोष्ट पातळ फोनांच्या बाजूनेही लिहिली पाहिजे. पातळ म्हणजे दुरुस्तीला कठीण, अशी माझी समजूत होती; पण एअरमध्ये मुख्य सर्किट वरच्या फुगवट्यात गेले आहे आणि खाली बॅटरी मोकळी पसरली आहे, त्यामुळे ती काढणे जड जात नाही.

उत्तर: द्राक्ष बागायतदार, तासगाव तालुका

मी गेल्या हंगामापासून एक पातळ फोन वापरते, म्हणून अनुभवाचे लिहिते. हलकेपणाची सवय लागली की जुना फोन विटेसारखा वाटतो, हे खरे आहे. बागेत मात्र तीन ठिकाणी अडले.

ऑक्टोबर छाटणीनंतर पानाच्या खालच्या बाजूला डाऊनीची पांढरी बुरशी दिसू लागली की तिचा अगदी जवळून फोटो काढून सल्लागारांना पाठवावा लागतो. माझ्या फोनला मागे कामाचा कॅमेरा एकच आहे, आणि तो पानाच्या जवळ नेला की सगळे धूसर होते. अनेक फोनांत जवळचा फोटो रुंद कोनाच्या दुसऱ्या लेन्समधून निघतो, हे मला फोन घेतल्यावर कळले. एस २५ एजमध्ये ती लेन्स आहे, एअरमध्ये नाही. आपल्याला हळदीच्या कांडीवरची कीड किंवा बुरशी दाखवायची वेळ येत असेल तर याचा विचार करावा.

दुसरे म्हणजे ऊन. एप्रिलमध्ये बेदाणा शेडवर दहा मिनिटे फोटो काढले की पडदा आपोआप मंद होतो आणि चार्जिंग थांबते. ॲपलने आपल्या फोनांसाठी वापराचे हवामान ० ते ३५ अंश सांगितले आहे. आमच्याकडे एप्रिलची दुपार त्या मर्यादेत कधी बसते, हे मी त्यांना विचारू इच्छिते.

तिसरी गोष्ट आपल्याला कदाचित किरकोळ वाटेल. माझ्या फोनला सिमकार्डाची खाच आहे, आणि विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर नोंदवलेल्या नंबरवरून कॉल केल्यावरच सुरू होतो. फोनची बॅटरी संपली की मी कार्ड काढून बटणांच्या साध्या फोनात घालते आणि मोटर चालू करते. आयफोन एअरमध्ये ही खाचच नाही, केवळ ई-सिम, म्हणजे फोनमध्येच बसवलेले, काढता न येणारे सिम आहे. पातळपणासाठी तेवढी जागा त्यांना महत्त्वाची वाटली असेल. पण सौद्याच्या दिवशी फोन पडून बंद झाला तर आपला नंबर लगेच दुसऱ्या फोनात कसा नेणार आणि बँकेचे ओटीपी कोठे घेणार, हे आधी ठरवून ठेवावे, कारण नवे सिम घेतल्यावर काही काळ एसएमएस बंद ठेवले जातात.

मूळ प्रश्नकर्ता: हिशेबनीस, मार्केट यार्ड, सांगली

सर, दादा आणि ताई, आपण तिघांनीही वेळ काढून लिहिलेत, त्याबद्दल आभारी आहे. साध्या एस २५ चा मुद्दा माझ्या डोक्यात कधीच आला नव्हता, पण चाळिशी लागल्यामुळे ६.२ इंचांवर तक्त्यातले आकडे मला वाचवत नाहीत; मोठा पडदा लागतोच. तेव्हा सरांच्या भाषेत, पातळपणाची किंमत मोजावी अशा थोड्या लोकांत मी बसतो असे दिसते. एवढेच सांगावे की वर्ष-दोन वर्षे थांबलो तर काही पदरात पडेल काय, कारण एअरचे उत्पादन कमी केल्याच्या बातम्या ऑक्टोबरात वाचल्या.

उत्तर: निवृत्त प्राध्यापक, विश्रामबाग

खपाच्या बातम्यांवरून मी निष्कर्ष काढणार नाही. माझ्या मते या फोनांकडे घडीच्या फोनांची रंगीत तालीम म्हणून पाहावे. जुलै २०२५ मधला गॅलेक्सी झेड फोल्ड ७ उघडल्यावर ४.२ मिलिमीटरचा आहे आणि मिटल्यावर ८.९ चा; त्याच्या प्रत्येक अर्ध्या भागात बॅटरी, सर्किट आणि चौकट बसवण्याची जी विद्या लागते, तीच या पातळ फोनांत वापरली जाते. आता आणखी पातळ जाण्याला चार्जिंगचे भोकच आडवे येते. यूएसबी-सीचा प्लग जवळपास अडीच मिलिमीटर जाड असतो, आणि त्याच्या वर-खाली धातूची भिंत लागते. ॲपलने तर एअरसाठी ते भोक टायटॅनियमच्या त्रिमितीय छपाईने बनवले. त्यामुळे पुढील दोन वर्षांत जाडी फारशी उतरेल असे मला वाटत नाही. पण त्याच सहा मिलिमीटरमध्ये बॅटरी वाढत जाईल, आणि मोठ्या कंपन्या सिलिकॉनकडे वळल्या तर ती वाढ चांगली जाणवेल. थांबणे परवडत असेल तर त्यासाठी थांबावे.

मूळ प्रश्नकर्ता: हिशेबनीस, मार्केट यार्ड, सांगली

काल रात्री दुकान बंद करताना पुन्हा काट्यावर बसलो, म्हणजे फोन बसवला. कव्हर काढले, वरची काच काढली, कव्हरमागे दोन वर्षे दुमडून ठेवलेली शंभराची नोट आणि गाडीच्या विम्याची पावतीही काढली. काटा २६२ वरून २१९ वर आला. त्रेचाळीस ग्रॅम तर मीच बांधून फिरत होतो. पातळ फोन आणला असता, तर पहिल्याच दिवशी जाड कव्हर घालून त्याचाही असाच पिंड केला असता, यात मला शंका नाही.

म्हणून ठरवले आहे की नवी हळद येईपर्यंत हाच फोन उघडा वापरायचा आणि बोलताना तो टेबलावर ठेवून स्पीकरवर बोलायचे. पुढे घेताना सहा मिलिमीटरच्या आसपासचा, पाच हजारांच्या घरातली बॅटरी आणि सिमकार्डाची खाच असलेला पाहीन. साडेपाच की सहा, हा वाद माझ्यापुरता मिटला आहे.

कव्हर काढल्यावर चार्जिंग जॅकमध्ये पिवळा थर बसलेला दिसला. काडीने कोरायला गेलो नाही. दादा, शनिवारी सौदे आटोपल्यावर गणपती पेठेत येतो.